तिकिटावरचा दीड तास

दि. ४ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, एक डोळा सोडून. ज्याला भिंग लावून मी घड्याळं दुरुस्त करतो, नेमका तोच. मोतीबिंदू पिकलाय, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. तुझी वहिनी गेल्यापासून डोळ्यात औषध घालायलाही घरात कोणी नाही.

काल एक गिऱ्हाईक दुकानात विमानाचं तिकीट विसरून गेलं. तिकीट तुझ्याच गावचं. सुटायची वेळ दहा, पोचायची साडेअकरा. मी दोनदा वाचलं. दीड तास. आणि तू इतकी वर्षं 'फार लांब पडतं' म्हणून मला गुंडाळतेस? यायचं नसेल तर सरळ सांग, मी शेजाऱ्यांना विचारीन.

लोभ आहेच, पण सध्या रुसलेला आहे.

तुझा दादा

दि. १३ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं. अरे, जन्मभर घड्याळं उघडून बसलास आणि शेवटी घड्याळानेच तुला बनवलं. तुमच्याकडे दहा वाजतात तेव्हा आमच्याकडे साडेसहाच असतात. विमान चांगलं पाच तास उडतं. मी तुझ्याकडे यायला निघाले, तर तेच पाच तास तिकिटावर साडेआठ दिसतील.

पण लांब पडतं म्हणून येत नाही, हे काही खरं नाही. मला भीती वाटते. लहानपणी मी माळ्यावरसुद्धा चढायचे नाही, आठवतं ना? लग्न होऊन इकडे आले, ती एक फेरी अजून अंगावर येते. हे म्हणतात, डोळे मिटून बस. पाच तास कसे मिटायचे? तुझ्या डोळ्यात औषध मलाच घालायचंय, पण त्यासाठी आधी विमानात बसावं लागेल ना!

लोभ वाढवावा, रुसवा आवरावा.

तुझी चिमणी

दि. २२ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

रुसवा गेला. पाच तास म्हणजे नेमके किती, ते मला कळेना, म्हणून काल दुकानात एका खुर्चीत बसून पाहिलं. उठायचं नाही असं ठरवलं होतं. एका गजराच्या घड्याळाची सफाई, दोन गिऱ्हाइकं, एक डुलकी, की संपले. पायाला मुंग्या आल्या तेवढ्याच.

तेच घड्याळ पाठवतोय. विमान उडालं की काटे बारावर आण. पाचला गजर होईल. तो झाला की दादाचं गाव आलं समज.

येशील तेव्हा लोभ मोजून घे.

तुझा दादा

दि. ५ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. डोळ्याला पाणी लागू देऊ नकोस, दुकानाची घाई करू नकोस.

एक गंमत राहिली. तुझ्याकडे येताना गजर व्हायच्या आतच विमान टेकलं. तो वाजला सामानाच्या रांगेत, सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. परतताना मात्र गजर झाला तरी आम्ही आकाशातच. माझं धाबं दणाणलं. विमानातली मुलगी धावत आली. ती म्हणाली, तिकडे जाताना वारा पाठीशी असतो, इकडे येताना समोरून. अंतर तेच, पण वेळ जास्त. मला काही पटेना. वारा दिसतो का बघावं म्हणून मी खिडकीतून खाली पाहिलं. वारा नाही दिसला, पण ढगांवरून आमच्या विमानाची सावली पळत होती. उतरेपर्यंत बघत राहिले. भ्यायचं राहूनच गेलं.

घड्याळ परत पाठवतेय. आता काटे तू बारावर आणायचेस. नवा डोळा घेऊन ये. तुला काय, दीडच तास लागतो.

लोभ सोबत आणावा.

तुझी चिमणी