एक मीटर वजा करायचा राहिला

तीर्थरूप मामा,

तुम्हाला नमस्कार आणि मामीच्या पायांवर डोकं. तिची कंबर कशी आहे? अजून खाटेवरून उठवत नाही म्हणतात, ऐकून जीव तुटतो. मी बरा आहे. (जेवण जात नाही, झोप लागत नाही, बाकी बरा.) फोनवर सांगितलेलं तुम्ही ‘बघू’ म्हणून सोडून देता आणि कागदावरचं तेवढं खरं मानता, म्हणून लिहितोय.

भाचा विमानातून जमीन मोजतो हे तुम्ही गल्लीभर सांगितलंच आहे. वरून लेसरचे किरण सोडायचे, ते परत यायला किती वेळ लागतो त्यावरून जमिनीची उंची काढायची, असं ते काम. सोबत एक कॅमेरा असतो, त्यात टवटवीत झाडं लालभडक दिसतात. (तुमच्या परसातला वेल छान लाल आलाय, मामीला सांगा.) पण विमान स्वतः कुठे आहे हे कळायला खाली तिपाईवर एक अँटेना लावतात आणि तिची उंची टेपने मोजून कळवतात. इथेच माशी शिंकली. आमच्या टेपचं पहिलं टोक तुटलंय. नवा मागितला तर साहेब म्हणाले, विमान दिलंय ते पुरे नाही का? म्हणून आम्ही एक मीटरच्या खुणेपासून मोजतो आणि आकड्यातून एक वजा करतो. मला वाटलं ऑफिसातल्या बाई वजा करतील, त्यांना वाटलं मी करूनच पाठवलंय. कागदावर अँटेना अडीच मीटर उंच झाली. तिच्याखाली उभं राहून मला डबा खाता आला असता, पण कोणाला काही खटकलं नाही.

तपासणी केली हो, शंभर ठिकाणी केली. पण त्या जागाही त्याच अँटेनावरून मोजलेल्या, त्यामुळे चूक चुकीशी तंतोतंत जुळली आणि आम्हाला तीन सेंटिमीटर अचूकतेचं प्रमाणपत्र मिळालं. त्याच नकाशावरून तुमची गल्ली पुराच्या यादीतून वगळली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणालो, खुशाल राहा, पाणी उंबऱ्याच्या हातभर खाली थांबेल. माझ्या शब्दावर तुम्ही वरच्या वस्तीतली खोली परत केलीत. काल पुलाच्या कठड्याची जुनी उंची सहज नकाशाशी ताडून पाहिली. सगळा नकाशा मीटरभर वर आहे, म्हणजे तुमचा उंबरा खरा मीटरभर खाली. साहेबांना सांगितलं, ते म्हणाले, दुरुस्ती सोमवारच्या बैठकीत ठेवू. धरणाचं पाणी शुक्रवारी सोडणार आहेत. मामा, मला फार भीती वाटतेय.

तुमचा, आजवर लाडका असलेला,
भाचा

ता. क. पत्र आणणाऱ्याची गाडी ऑफिसची आहे, कोणाला न विचारता पाठवलीय. मागच्या सीटवर गादी घातलीय. आधी मामीला उचला. मला शिव्या घालायला अख्खा जन्म पडलाय.

आणखी एक. हे पत्र गल्लीत मोठ्याने वाचून दाखवा, माझी नोकरी गेली तर जाऊ दे. पाणी किती येईल विचारलं तर सांगा, खाटेच्या वर. आणि मी कौतुकाने पाठवलेली प्रमाणपत्राची प्रत तुम्ही दारावर चिकटवलीत ना, ती वाचूनच समोरच्या चार घरांनी बांधलेलं सामान पुन्हा सोडलं, असं मामी म्हणाली. ती फाडा. सगळ्यांच्या देखत फाडा.