टोक धरणारा

शके १८४०, मार्गशीर्ष शु. ९
आजपासून दोराचे छप्पर माझ्याकडे. इतके दिवस शहाद्याच्या सडकेवर खडी फोडणाऱ्यांची हजेरी लिहीत होतो. ओव्हरसियर साहेबांनी बोलावून नवा हुकूम वाचून दाखवला. दुष्काळी कामावर धडधाकट असेल त्याने खडी फोडावी आणि धान्य घ्यावे, हे पूर्वीचेच. म्हातारे, लुळे, तापाच्या साथीतून उठलेले, यांना नुसते मिळत असे, ते बंद. त्यांनी बसल्या जागी अंबाडीचा दोर वळायला शिकायचे. आठ दिवसांत ज्याला रोजचे वीस हात जमतील त्याचे धान्य चालू. बाकीच्यांची नावे कमी.
शिकवणारा मी. कुणब्याच्या घरात जन्मल्याने दोर येतो, पाचवीपर्यंत गेल्याने अक्षर येते, म्हणून.
एवढा दोर कशाला, हे विचारावेसे वाटले. सारंगखेड्यात बांधायला जनावर उरलेय किती? विहिरी तळाला, मोटेचा नाडा कोण घेणार? पण विचारले नाही.

शु. ११
एकादशी. मला उपवास. छपरातल्यांनाही, पण त्यांचा तिथी पाहून नसतो.
सोळा माणसे. त्यांत सात डोंगरातली, अक्राणीकडून पोटासाठी उतरलेली. सर्वांत म्हातारा नुऱ्या. डोळ्यांत फूल पडलेय, हात कापतात. त्याची सून भुरी सडकेवर खडी फोडते. तिचा नवरा कार्तिकात खाली उतरताना वाटेतच तापाने गेला. सकाळी सासऱ्याला हाताला धरून आणते, बसवते, जाते. बाजाराला येऊन येऊन तिला आमची अहिराणी येते. त्यालाही येते, मोडकी.
त्याच्या हाती अंबाडीच्या धाग्यांचा वाख दिला. पीळ धरेना. तीनदा उलगडला. मग स्वतःच हसला.
"दोरमास्तर, मन्हा जलम कुऱ्हाडवर गया. कुऱ्हाड तोडस, जोडस नही."
सगळे छप्पर हसले. कितीतरी दिवसांनी हसू ऐकले. माझे नाव आता दोरमास्तर.

शु. १३
डोंगरातल्यांना सातजणांचा वाख वेगवेगळा मोजून दिला होता. दुपारी पाहतो तर त्यांनी सगळ्याचा एक ढीग केलेला, आणि सहाजण एका ओळीत बसून एकच दोर पुढे नेतायत. शेवटाला नुऱ्या. दोराचे टोक दोन्ही मुठींत ताणून धरलेले, आणि हळू आवाजात गाणे.
रागावलो. कोणाचे किती, ते कसे कळणार? भुरी त्याला पाणी पाजायला आली होती. म्हणाली, "दादा, आमनाकडे आसंच ऱ्हास. लाह."
मग तिनेच सांगितले. एकाच्या शेतात अख्खा पाडा राबतो आणि ज्याचे शेत तो सगळ्यांना जेवू घालतो, ती लाह.
"ज्याले काम नही होस?"
"तो बठस, गाना म्हनस. त्यानी भाकर कोनी कापत नही."
संध्याकाळी दोर मोजला. सातजणांचा पुरा, वर काही हात जास्तच. प्रत्येकापुढे वीस लिहिले. नुऱ्यापुढे लिहिताना थांबलो. मग लिहिले. दोर तर पुरा होता.

पौर्णिमा
दत्तजयंती. इथली घोडेबाजाराची यात्रा नावाला भरली. घोडे थोडे, आणि जे आले त्यांच्या बरगड्या लांबून दिसत होत्या. चारा नाही तर घोडा कोण घेतो? देवळाबाहेर घेणाऱ्यांपेक्षा मागणारेच जास्त.
दर्शन झाले. दत्तमहाराज दुपारच्या भिक्षेला निघतात, असे लहानपणापासून ऐकत आलो. कोणत्या दारात त्यांना आधी दोर वळून दाखवा म्हणाले असतील? असे मनात आले आणि भ्यालो. तिथेच कान धरले.

वद्य ३
ओव्हरसियर साहेब पाहणीला आले. हजेरी पाहिली. "सगळ्यांचे वीस? या म्हाताऱ्याचेही?" मग एकेकाला समोर बसवून वळायला लावले. डोंगरातले सहाजण कसोटीला उतरले. नुऱ्याची बोटे वाखात नुसती फिरत राहिली, धुंडाळल्यासारखी.
ओ. सा. माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "पाटील, तुम्ही देवाधर्माचे माणूस. याने वीस हात वळले का, एवढेच सांगा."
म्हणालो, "नाही."
नुऱ्याचे नाव कमी झाले. जाताना म्हणाले, "मलाही वर जाब द्यावा लागतो. एकाला सोडले तर उद्या सगळेच हात थरथरवून दाखवतील."
भुरीला संध्याकाळी कळले. सासऱ्याचा हात धरला आणि गेली. बोलली असती तर बरे होते.
घरी सांगितले. सौ. भाकरी थापत होती, थांबली. "खरं बोलनात तुम्ही, नि उपाशी ऱ्हावाना तो म्हातारा?"

वद्य ५
भुरीच्या धान्याच्या एका मापात आता दोघे खातात. भुरीच्या हाताला जोर नाही, खडीचा ढीग लहान, म्हणून तिचेही माप उतरवले. खडीवरच्या कारकुनाला म्हटले, थोडे सांभाळ. तो म्हणाला, "आप्पा, तुम्ही सांभाळी लिधं का?"
घरून दोन भाकरी उपरण्याखाली नेल्या. नुऱ्या छपराबाहेर निंबाखाली बसला होता. सून सकाळी तिथेच आणून बसवते, दुसरी जागा नाही. भाकरी चाचपल्या.
"हाई कोना शेतनी?"
"मन्हा."
"तुन्हा शेतमा मी काय काम करं?"
त्याने त्या मांडीवर ठेवल्या. भुरी आल्यावर तिच्या हाती दिल्या. तिने पदरात बांधल्या. खाल्ल्या की नाही, पाहिले नाही.

वद्य ६
दोन दिवस डोंगरातल्यांचा दोर बिघडतोय. मध्येच आटी पडतात, गुंता होतो. त्यांना ओरडणार होतो, तेवढ्यात लक्षात आले. टोक धरणारा नाही.
वडील दोर वळायचे तेव्हा टोक मी धरत असे. ढिले सोडले की चिडायचे. कामावरच्या गड्याला मिळे तसा संध्याकाळी मलाही गुळाचा खडा मिळे. काम केले म्हणूनच ना?
आणि मला त्या दिवशी हे आठवले नाही. किती वळले एवढेच विचारले, तेवढेच सांगितले. खरे होते. पुरे नव्हते.
दुपारी त्या सहाजणांनी टोक छपराच्या कुडातून बाहेर सारले. निंबाखाली नुऱ्याने ते धरले. गाणे पुन्हा ऐकू आले. मी पाहिले, न पाहिल्यासारखे केले. संध्याकाळी दोर सरळ निघाला.

वद्य ८
पहाटे निघून पायी शहाद्यास. ओ. सा. भेटले. म्हणालो, त्या दिवशी मी अपुरे सांगितले. दोर दोघांचा असतो, वळणाऱ्याचा आणि धरणाऱ्याचा. कोष्टकात धरणाऱ्याला रकाना नाही, म्हणून त्याचे काम दिसत नाही. नुऱ्याला अर्धे माप तरी मिळावे.
त्यांनी सगळे ऐकून घेतले. खुर्ची दिली, पाणी दिले. थोडा वेळ बोरूशी चाळा करत बसले. मला वाटले, झाले काम. मनातल्या मनात महाराजांना हात जोडले.
"बरोबर आहे," म्हणाले. "टोक धरले पाहिजे. हे आमच्या ध्यानात यायला हवे होते." आणि शिपायाला हाक मारली. "यांच्याबरोबर जा. छपरात प्रत्येक ओळीला एक खुंटी ठोकून घे."
मी उठलो तेव्हा हळूच म्हणाले, "खुंटीला धान्य लागत नाही, पाटील."
येताना रस्ताभर नामस्मरण केले. एकदाही मन लागले नाही.

वद्य ९
खुंट्या ठोकल्या. शिपाई उभा राहिला, ठोकल्या मी.
नुऱ्या आला. निंबाखाली बसून कुडाशी हात फिरवला, टोक मिळेना. भुरीला म्हणाला, आत ने. तिने आत आणले. चाचपत ओळीच्या शेवटाला गेला आणि हात खुंटीवर पडला. वरून खालपर्यंत तपासली, अनोळखी माणसाचा चेहरा तपासावा तशी.
"हाऊ कोन शे?"
त्याची बोटे खुंटीला बांधलेल्या दोरावर गेली. भुरीने मान फिरवली. त्याला कळले. हसला, पहिल्या दिवशी हसला होता तसाच.
"दोरमास्तर, हाऊ गाना नही म्हनस हं."
कोणी हसले नाही. दिवसभर दोर सरळ निघाला. ओ. सां.चे बरोबर आहे.

वद्य ११
एकादशी.
सकाळी निंबाखाली कोणी नाही. खडीवर भुरी नाही. डोंगरातल्यांना विचारले. दोघे पहाटेच वर गेले म्हणाले.
"वर काय शे खावाले?"
"काय नही. घर शे."
दोन दिवसांची चढण. तिच्या अंगात काय उरलेय, त्याला वाट दिसत नाही. एकजण म्हणाला, गोमाईच्या पात्रात थांबले असतील, म्हाताऱ्याला इतके चालवणार नाही, परत फिरतील. दुसरा म्हणाला, नाही फिरणार. मग दोघेही आपापला वाख घेऊन बसले. लाह मोडलीय. आता प्रत्येकजण आपला दोर वेगळा वळतो, वेगळा मोजून देतो. हुकुमाप्रमाणे.
सौ.ने पाच भाकरी बांधून दिल्या आणि गोमाईपर्यंत जाऊन या म्हणाली. दुपारी गेलो. पात्र कोरडे. एका दरडीखाली विझलेली चूल होती. त्यांचीच की आणखी कोणाची, कोणास ठाऊक. हाका मारल्या. भाकरी तिथेच दगडावर झाकून ठेवून आलो.
उद्या ओ. सा. पाहणीला येणार. परतताना छपरात गेलो, ओळीच्या शेवटची खुंटी उपटली. घट्ट बसली होती, मीच ठोकलेली. घरी आणून चुलीपाशी टाकली. हजेरीत सर्वांत खाली नुऱ्याचे नाव पुन्हा लिहिले. पुढची जागा कोरी ठेवलीय. विचारतील, याने किती हात वळले. काय सांगायचे ते अजून ठरत नाही.
दोराचे टोक मात्र कुडातून बाहेर, निंबाखाली, मोकळे सोडून आलोय.