शेवटच्या माणसाने मेन बंद करायचा

शनिवार, १४ जून

आदरणीय प्रकल्पप्रमुख मॅडम यांस,

घरी सगळे ठीक. आईचा गुडघा आहे तसाच आहे. तुझी वहिनी रोज तुझी आठवण काढते, मी काढत नाही. सोमवारी तुमची बैठक आहे, म्हणून फोन न करता लिहितोय. फोनवर आपलं दोघांचं तीन वाक्यांच्या पुढे जात नाही.

आधी तुझ्या विजेच्या गाड्यांची खुशाली. सहाच्या सहा डेपोत रांगेत उभ्या आहेत, अंगावर हिरवं पान मिरवत. आमचे ड्रायव्हर त्यांना नव्या नवऱ्या म्हणतात, कारण जेवणाची वेळ झाली की त्यांना माहेरची ओढ लागते. अर्धी पार्सलं वाटून होतात तोवर बॅटरी खाली. मग डेपोचे साहेब जुनी डिझेलची गाडी मागून पाठवतात, उरलेली पार्सलं तिच्यात भरायची आणि नवरीला हळूहळू घरी आणायची. म्हणजे एका कामाला दोन गाड्या. याला तुम्ही प्रदूषण कमी करणं म्हणता.

उद्घाटन आठवतंय ना? तुमचे डायरेक्टर स्वच्छ हवेवर पाऊण तास बोलले. तेवढा वेळ त्यांची मोठी गाडी फाटकाशी चालूच होती, परतताना आतून गार हवी म्हणून. धूर आमच्या तोंडावर. शोभेच्या कुंड्या आठवड्यात वाळल्या, त्यांना पाणी घालणं कोणाच्याच कामात नव्हतं. आणि आम्ही या पवित्र गाड्यांतून काय पोहोचवतो? चार थर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक नेलकटर. दुसऱ्या दिवशी तेच परत आणायला जातो, रंग आवडला नाही म्हणून. शहाण्यांचा बाजार आहे सगळा.

आणि तू. प्रशिक्षणाच्या दिवशी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट करून म्हणालीस, "या अनुभवी सहकाऱ्यांना क्लच दाबायची पायाची जुनी सवय मोडावी लागेल." सहकारी. तुला सायकल शिकवताना माझे गुडघे फुटले होते. बाबा आजारी पडले तेव्हा मी शाळा सोडून याच डेपोत त्यांच्या गाडीवर बसलो, ते तू शिकावीस म्हणून, आणि त्या दिवशी तुला साधं दादा म्हणता आलं नाही. पोरं हसली. त्या दिवसापासून तुझ्या गाड्या बंद पडताना बघायला मला फार बरं वाटायचं. लिहून ठेवतो, फार बरं वाटायचं.

साहेबांनी दोनदा मेकॅनिक आणले. ते दुपारी येत, चार्जर तपासत, सगळं ठीक म्हणून चहा पिऊन जात. सकाळी आम्ही पोहोचायचो तेव्हा चार्जरचे दिवे लागलेलेच असायचे. मग ठरलं, बॅटऱ्याच भिकार. सोमवारी गाड्या परत करायच्या आणि हा उद्योग ज्यांनी सुचवला त्यांना घरी बसवायचं, असं साहेबच हसत सांगत होते. तू माझी बहीण आहेस हे त्यांना ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही.

आता नीट वाच. डेपोला एकच मेन स्विच आहे, ऑफिसच्या दाराबाहेर, लाल दांड्याचा. पूर्वी एकदा तिथे वायर जळून मालाला आग लागली होती. तेव्हापासून बाबांचा नियम: शेवटच्या माणसाने मेन बंद करायचा, मग कुलूप. सकाळी पहिला येतो तो चालू करतो. बाबांनंतर शेवटचा माणूस मी. सव्वीस वर्षं झाली, संध्याकाळी सात वाजले की माझा हात आपोआप त्या दांड्यावर जातो.

तुझे चार्जर त्याच मेनवर आहेत.

गेल्या महिन्यात दाढ दुखत होती म्हणून मी चारलाच निघालो. त्या दिवशी मेन कोणीच बंद केला नाही. दुसऱ्या दिवशी माझी नवरी शेवटच्या पार्सलापर्यंत धावली आणि डेपोत आली तेव्हाही बॅटरी शिल्लक होती. मी गाडीतच बसून राहिलो. कळायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आधीचे दोन महिने मला माहीत नव्हतं. त्यानंतरचे वीस दिवस माहीत होतं. तरी रोज सातला मी दांडा खाली ओढला.

त्या वीस दिवसांतच तुझा फोन आला होता. "दादा, संध्याकाळनंतर डेपोत वीज जाते का रे?" मी म्हणालो, "नाही जात." तू म्हणालीस, "नक्की?" मी म्हणालो, "इतकी वर्षं कुलूप मी लावतोय आणि मला विचारतेस?" तुला अजूनही वाटतं की दादा खोटं बोलत नाही. तुमच्या डायरेक्टरला मी वर जे जे बोललो ते खरं आहे, पण त्या माणसाने निदान आपल्या बहिणीच्या तोंडाला काळं फासलेलं नाही. माझ्याइतका हलका माणूस त्या उद्घाटनाला दुसरा कोणी नव्हता.

परवा तुझ्या वहिनीने विचारलं, "हल्ली तुमचे रुमाल काळे कसे होत नाहीत?" बाबांचे रुमाल आई वेगळ्या बादलीत भिजवायची, आठवतं? थंडीत बंद शेडमध्ये पंधरा इंजिनं तापवत ठेवायचे आणि मधे बाबा माल मोजत उभे. शेवटी शेवटी त्यांना जिना चढवायचा नाही. तू हे सगळं कशासाठी करतेस ते मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. म्हणूनच जास्त राग यायचा. तुझ्याआधी ते माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

सोबत सही केलेला कागद आहे. त्यात फक्त मेनचं आणि वीस दिवसांचं लिहिलंय. बैठकीत वाचून दाखव. माझं काय होईल याची काळजी करू नकोस आणि मला वाचवायला कागद खिशात ठेवू नकोस. तुला ते जमणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवून आलोय.

आज सातला दिवे, पंखे एकेक करून बंद केले. हात सवयीने दांड्याकडे गेलाच. मागे घेतला. खाली पुठ्ठ्यावर लिहून चिकटवलं, "हात लावू नये." कुलूप लावताना चार्जरचे सहाही दिवे आत लागलेले दिसत होते.

बाबांचा नियम आज पहिल्यांदा मोडलेला,
तुझा दादा