तीन पुस्तकांतून गेलेला तालुका

आई, पोरीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती नवी नाही. आतलं एक अक्षर बदललेलं नाही, फक्त कव्हर बदललं आहे. हे काल संध्याकाळी वाशिमच्या स्टँडसमोरच्या पुस्तकाच्या दुकानदाराने मला स्वतः सांगितलं. आधी तो इकडचं तिकडचं बोलत होता. मी जुनं आणि नवं, दोन्ही पुस्तकं काउंटरवर शेजारी शेजारी उघडून ठेवली, तेव्हा त्याने चष्मा कपाळावर सारला आणि तो हसला. "म्याडम, आता तुमच्यापाशी काय लपवू? वरचं चित्र बदललं. आत जुनंच हाय. पण पोरी नवंच मागतेत, तं मी काय करू?"

तू पाहिली नाहीस ती तुझी नात आरोग्य सेविकेच्या भरतीची तयारी करते आहे. नर्सिंगचा कोर्स झाला, एक भरती थोडक्यात हुकली, आणि आता तिने स्वतःशीच ठरवलं आहे की एवढी एक परीक्षा द्यायची. नाही झालं तर पुण्याच्या एका खासगी दवाखान्यात जायचं, तिथे जागा आहेत, आणि मग पुन्हा पुस्तक हातात घ्यायचं नाही. हे ती मला चहा गाळता गाळता सांगते, भाजी काय करायची ते सांगावं तसं. म्हणून तिच्या टेबलावर कोणतं पुस्तक येतं याकडे माझं लक्ष आहे. क्लासच्या सरांनी पहिल्याच दिवशी तीन पुस्तकं घ्यायला सांगितली होती. तीन वेगळे लेखक, तीन वेगळे प्रकाशक. गेल्या आठवड्यात त्यातल्याच एकाची नवी आवृत्ती घ्या म्हणाले. जो घेणार नाही त्याला सराव परीक्षेला बसता येणार नाही, असंही म्हणाले. तिने मला विचारलं, "मम्मी, साऱ्यांनी घेतलं. घेऊ का?" आणि मला एकदम तू आठवलीस, दुकानात उभी असलेली.

मी दहावीत होते. तू उपकेंद्राची नर्स, तुझी तालुक्याला मीटिंग असायची त्या दिवशी तू मला सोबत नेलंस. पांढरी साडी, खांद्याला ती जाड पिशवी, आणि मीटिंग संपल्यावर आपण पुस्तकाच्या दुकानात. मला विज्ञानाचं गाईड हवं होतं. वर्गातल्या सगळ्यांकडे होतं. तू ते हातात घेतेस, मागची किंमत बघत नाहीस, अनुक्रमणिकाही बघत नाहीस. सरळ आरोग्याचा धडा काढतेस आणि जुलाबाचं पान शोधतेस. मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं तो प्रश्न, त्याचं उत्तर. बोट ठेवून वाचतेस. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं. दुकानदार म्हणतो, "बाई, पुस्तक घ्याचं हाय का तपासाचं हाय?" तू मान वर न करता म्हणतेस, "तपासल्याबिगर घेत नाई. तुमी दुधात बोट बुडवून पायता का नाई? मले बी पाहू द्या." मागचे लोक हसतात. मला धरणी फाटावी असं वाटतं.

उत्तर बरोबर होतं. तरी तू गाईड घेतलं नाहीस. बाहेर आल्यावर मी रडायला लागले, रसवंतीच्या बाकावर बसून. तू रस मागवलास आणि म्हणालीस, "त्याच्यात प्रश्न वाचला का खाली लगेच उत्तर. मधात तू कुठं हायेस?" मला तेव्हा ते काही कळलं नाही. मला एवढंच कळलं की माझी आई माझ्यासाठी पुस्तक घेत नाही आणि वर रस पाजते. पुढे किती तरी दिवस मला शंका होती की तुला खरं तर ते घ्यायचंच नव्हतं म्हणून तू कारण शोधलंस. आता मीच आई आहे. ती शंका पूर्ण गेली आहे असं म्हणवत नाही.

पण जुलाबाचंच पान का, हे मी तुला एकदा विचारलं होतं. मानोऱ्याकडच्या उपकेंद्राचं ते क्वार्टर, मागच्या बाजूला एक खोली आणि एक स्वयंपाकघर. स्टोव्हवर दोन भांडी असायची. एक दुधाचं आणि एक सुया-सिरिंज उकळण्याचं, आणि दुसऱ्या भांड्याला हात लावला की तू ओरडायचीस. त्या दिवशी तू सिरिंज उकळत होतीस आणि मी भाकरीची वाट बघत होते. तू बोलायला लागलीस, माझ्याकडे न बघता, उकळत्या पाण्याकडे बघत.

तुझी पहिलीच नेमणूक होती. तांड्यावरची एक बाई लेकरू घेऊन आली, अंगावर पिणारं. जुलाब लागले होते. तू ट्रेनिंगच्या वेळी घेतलेलं ते जाड पुस्तक काढलंस, त्यात लिहिलं होतं की पोटाला विश्रांती द्या, दूध थांबवा. तू तसंच सांगितलंस. बाईने विचारलं, "दूध तोडू? ते तं रडून राह्यलं दुधासाठी." तू म्हणालीस, पुस्तकात लिहिलं आहे. मग दोन दिवसांनी आरोग्य केंद्राच्या मोठ्या सिस्टर आल्या, त्यांनी ऐकलं आणि तुला सगळ्यांसमोर झापलं. "दूध कायले बंद केलं? पुस्तकाले कधी लेकरू झालं का?" तू धावत तांड्यावर गेलीस. झोपडीला काटेरी फांदी लावलेली. दिवाळीनंतर अर्धा तांडा ऊसतोडीला जायचा, तसे तेही निघून गेले होते, मुकादमाची गाडी आधीच भरून गेली होती.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. गेले ते," तू म्हणालीस, आणि चिमट्याने सिरिंज बाहेर काढायला लागलीस.

ते पुस्तक मात्र तू टाकलं नाहीस. खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, बदली झाली की प्रत्येक ट्रंकेत सोबत. मी म्हणाले, खोटं पुस्तक आहे तर ठेवतेस कशाला. तू म्हणालीस, "हे कुठं खोटं बोलते ते मले माईत हाय. दुसरं आणलं तं ते कुठं बोलते ते पुन्हा शोधा." म्हणून नवं कोणतंही पुस्तक आलं, की ते जिथे तुझ्याशी खोटं बोलू शकत नाही तिथेच तू ते आधी उघडायचीस.

मी तीस वर्षं बातम्या लिहिते आहे, आणि याच सवयीवर लिहिते आहे. कोणी अहवाल दिला, पत्रक दिलं, की मी आधी त्यातला माझ्या गावाचा उल्लेख शोधते. गाव चुकलं असेल तर बाकीचं सावकाश वाचते. तेच मी तुझ्या नातीला सांगितलं. नवी आवृत्ती घेण्याआधी जुन्या तिन्ही पुस्तकांत तुला पक्कं माहीत असलेलं पान काढ.

परवा दुपारी ती आणि तिची मैत्रीण आमच्या स्वयंपाकघरात खाली बसल्या, तिन्ही पुस्तकं फरशीवर पसरून. मी डाळीला फोडणी देत होते. मैत्रीण मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची आहे, वाशिमला खोली करून राहते, आणि जेवायला बरेचदा आमच्याकडे असते. माझ्या पोरीने नर्सिंगचं पान काढलं, ते ठीक निघालं. मैत्रिणीने सामान्य ज्ञानात आपला जिल्हा काढला. बोटाने तालुके मोजले, परत मोजले. मग म्हणाली, "काकू, आमचा तालुका गेला!"

"कुठं गेला?"

"माईत नाई. इथं पाचच हायेत. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा. मानोरा पळाला."

"तुमच्याकडचे लोकं ऊसतोडीले जातेत ना," माझी पोरगी म्हणाली, "तालुकाबी संग गेला असन."

दोघी हसून हसून भिंतीला टेकल्या. मीही हसले, पण पळी तशीच हातात राहिली. मग पोरीने दुसरं पुस्तक काढलं. पाचच तालुके, त्याच क्रमाने. तिसरं काढलं. पाचच, त्याच क्रमाने, आणि वाक्यसुद्धा तेच, शब्दाला शब्द. हसणं थांबलं. एकाने चूक केली असती तर समजलं असतं. तिघांनी एकाच जागी तीच चूक केली म्हणजे तिघं वेगळे नाहीत. तिच्या टेबलावर तीन महिन्यांपासून तीन पुस्तकं नाहीत, एकच पुस्तक तीन कव्हरांत आहे. एका पुस्तकात काही वाचलं की ती दुसऱ्यात ताडून पाहायची आणि जुळलं की बरोबरची खूण करायची. जुळणारच होतं.

आई, तिथून माझी शंका कुठेकुठे गेली ते तुलाच सांगते. आधी सरांवर गेली. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "म्याडम, तुमी बातमीसाठी विचारून राह्यल्या का पालक म्हणून?" मी म्हटलं, पालक म्हणून. "मंग पालकावानी भरोसा ठेवा की," म्हणाले, आणि अगदी गोड आवाजात फोन ठेवला. मग दुकानदारावर गेली, त्याचं तर तुला वर सांगितलंच. मग आमच्या पेपरवर, कारण आतल्या पानावर त्या क्लासची जाहिरात येते. प्रकाशक कोण, छापतो कोण, सरांचा त्याच्याशी काही संबंध आहे का, यातलं काहीच माझ्या हातात नाही. आहे ती फक्त शंका, आणि शंकेची बातमी होत नाही. हे मी नव्या मुलांना शिकवते.

पण या सगळ्याच्या आधी, परवाच, ती शंका घरात येऊन गेली होती. पुस्तकं फरशीवर पसरलेली असतानाच पोरगी म्हणाली, तिन्ही पुस्तकं रद्दीत घालते, डोकंच उठलं. ती हे फार सहज म्हणाली. मला वाटलं, हिला सोडायचंच आहे आणि कारण सापडलं आहे. मी तसं बोलून गेले. तिने हातातलं पुस्तक मिटलं. "तू माह्यावरबी बातमी करून राह्यली का?" मैत्रीण उठून पाणी प्यायला गेली, तिला तहान नव्हती. डाळ लागली.

जेवताना पोरीने लागलेली डाळ ताटाच्या कडेला सारली. मला तेव्हा वाटून गेलं की सगळीकडे आधी खोटं शोधण्याची ही जी सवय तू मला दिलीस, ती पुस्तकांपुरतीच ठेवायची होती का? तू तरी ठेवली होतीस का? माझ्या शाळेचं प्रगतीपुस्तक हातात आलं की तू आधी माझ्या तोंडाकडे बघायचीस.

जेवण झाल्यावर पोरीनेच कपाट उघडून तुझं पुस्तक काढलं. खाकी कव्हर आता चहासारखं झालं आहे. मी लगेच म्हणाले, "ते नको, लय जुनं हाय. औषधं बदलली, डोस बदलले." ती म्हणाली, "मंग ठेवलं काहून?"

आणि मी तुझं वाक्य बोलले. हे कुठं खोटं बोलतं ते माहीत आहे म्हणून. दुसरं आणलं तर ते पुन्हा शोधावं लागतं.

तिने पुस्तक मांडीवर घेऊन खाकी कव्हराची सुटलेली कड आत दुमडली. मैत्रीण म्हणाली, "काकू बराबर सांगते." मग दोघींनी मिळून ठरवलं, मला न विचारता. तिन्हींतलं एक ठेवायचं, कारण ते कुठे चुकतं हे आता कळायला लागलं आहे, आणि जिथे जिथे चूक सापडेल तिथे लाल पेनने लिहायचं. त्याची ताडणी कोर्सच्या पुस्तकांशी आणि जुन्या प्रश्नपत्रिकांशी करायची, त्याच्याच भावंडांशी नाही. मैत्रिणीने ठेवलेल्या पुस्तकात पाच तालुक्यांच्या शेवटी मोठ्या अक्षरांत मानोरा लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. सरळ ओढल्या, पट्टी लावून. पोरगी अभ्यासाला बसली. म्हणजे सोडायचं नव्हतंच. शंका चुकली, आणि मला इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

हे मी ऑफिसात बसून टाइप करते आहे, दुपारची बातमी देऊन झाल्यावर. हे कुणाला पाठवायचं नाही आणि कुणी याची वाट बघत नाही, असं लिहिण्याची मला सवय नाही. पान बंद केलं की हे माझ्याच फाइलींत पडून राहील. तुला एक सांगायचं राहिलं. पोरीने मला विचारलं होतं, हे पान उघडून तपासायचं तुला कोणी शिकवलं. मी म्हणाले, पेपरने. तुझं नाव घेतलं असतं तर जुलाबाचं पान सांगावं लागलं असतं, ते सांगितलं असतं तर ते लेकरू, आणि मग तिने विचारलं असतं की पुढे काय झालं. जन्मभर लोकांना पुढे काय झालं हे विचारून मी पोट भरते. तुला मी एकदाच विचारलं, आणि तू सिरिंज काढायला लागलीस तेव्हा गप्प बसले.

भरतीची तारीख अजून लागलेली नाही. उद्या सकाळी क्लासच्या आधी दोघी उरलेली दोन पुस्तकं परत करायला जाणार आहेत. दुकानदार घेतो म्हणाला आहे, माझा त्याच्यावर विश्वास नाही, म्हणून मीही सोबत जाते आहे. तिथून क्लासला. सराव परीक्षेला बसू देतात की नाही ते तिथेच कळेल. मैत्रीण सरांना मानोरा कुठे गेला ते विचारणार आहे, तिने तशी ओढणीला गाठच मारून ठेवली आहे. आणि पोरगी तुझं पुस्तक बॅगेत घालून नेणार आहे. जुलाबाचं पान तिने कालच काढलं, आणि 'दूध थांबवा' या ओळीखाली लाल रेघ ओढली. त्याचं ती मला रस्त्यात विचारेल.