मिरचीतल्या किड्यांची बाळगुटी

नंदुरबार,
श्रावण वद्य पंचमी, शके १८८४

तीर्थस्वरूप आप्पासाहेबांच्या सेवेशी,

मेहुणा चिंतामण याचा साष्टांग नमस्कार. येथे सर्व क्षेम. आक्काचा दमा पावसाने उसळला नसेल आणि आपली नवी कवळी आता जेवणाच्या वेळीही तोंडात राहत असेल, अशी आशा करतो. 'निर्मलेला येत्या रविवारच्या गाडीत बसवून द्यावे, गुरुवारी अमळनेरचे लोक तिला पाहायला येत आहेत, किडे पुरे झाले' हे आपले पत्र पावले. किडे पुरे झालेले नाहीत. ते कसे, एवढेच कळवण्यासाठी हे पत्र, जरा लांबेल.

मी वीस वर्षे मुलांकडून संस्कृतची रूपे पाठ करून घेतो आहे, त्यामुळे किड्यांविषयी माझे ज्ञान ताटातल्या भातापुरते होते. आपली कन्या ज्येष्ठात एक सूक्ष्मदर्शक, दोन खोकी काचेच्या नळ्या आणि मोजकीच पातळे घेऊन उतरली (ट्रंकेतली जागा नळ्यांना लागली) आणि आमचे देवघराशेजारचे दालन गेले. येथील पेठेतल्या सुक्या मिरचीत तिळाएवढा तांबूस किडा होतो. तो जन्मभर मिरचीच खातो. आमची भांडीवाली कौसाबाई त्याला निरखून म्हणाली, "माय वो, हाऊ तं मिरची खाईसन बी गप शे! मन्हा नवरा एक मिरची खास ते सारं गाव डोक्यावर लेस." निर्मला म्हणते, यातले निम्मे श्रेय किड्याचे नाही. त्याच्या आतड्यापाशी बारीक पिशव्या असतात आणि त्यांत एक यीस्ट, म्हणजे पीठ आंबवणाऱ्या कुळातले सूक्ष्म जीव, बिऱ्हाड करून राहते. किड्याने जागा द्यायची, बिऱ्हाडकरूंनी मिरचीत नसलेले सत्त्व पुरवायचे. मादी अंडे घालते तेव्हा त्याच्या कवचाला हे यीस्ट माखून ठेवते. पिल्लू बाहेर पडताना कवच कुरतडते, की मिळाली बाळगुटी. आप्पासाहेब, मी उपनयनावर अनेक व्याख्याने दिली, पण घरची विद्या पुढच्या पिढीच्या पोटात घालण्याची इतकी खात्रीची रीत माझ्या ऐकिवात नव्हती. हे यीस्ट निर्भेळ, एकटे, नळीत वाढवायचे आणि त्याचा गुण सिद्ध करायचा, हे आपल्या कन्येचे काम.

किडे मिळाले हुकमीचंदशेठच्या गोदामात. शेठजी जैन, मिरचीची सारी पेठ त्यांच्या शब्दात. एके दिवशी ते आमच्याकडे आले. बरण्यांना मलमल बांधलेली, किड्यांना मिरचीची पूड वेळेवर, प्रत्येक बरणीवर तारीख. त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी आमच्या घराला किड्यांचे पांजरपोळ समजून दुसऱ्या दिवशी पेठेतल्या इतर दुकानांतले निराश्रित किडे पोतेभर पाठवले आणि मागोमाग स्वतः पेढे घेऊन आले. मी पेढ्याला हात घातला होता. एवढ्यात निर्मला म्हणाली, "शेठजी, मी यांना चिरते. आतल्या पिशव्या काढायला." शेठजी उठून बरण्यांपाशी गेले. मग म्हणाले, "मास्तरसाब, पेढे राहू द्या. किडे द्या." आणि पोत्यासह सगळ्या बरण्या टांग्यात घालून गेले. महिन्याचे काम स्टेशनरोडने परत गेले.

मी म्हटले, गप्प बसली असतीस तर? म्हणाली, "मग मामा, त्यांच्याच पेढ्यावर त्यांनाच फसवलं असतं." मी हातातला पेढा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ती गोदामात जाऊन बसली आणि म्हणाली, किडे नकोत. पिल्लू निघून गेल्यावर अंड्याची कवचे उरतात, तेवढी द्या. यीस्ट कवचावर असतेच, तर किडा कशाला चिरायचा, हे तिला रात्रभरात सुचले होते. शेठजींनी विचारले, "त्या यीस्टमध्ये जीव नाही?" "आहे. पण मी त्याला मारणार नाही, वाढवणार आहे." शेठजींनी बरण्या परत केल्या. (यीस्टला खाऊ म्हणून नळ्यांत घातलेला रस्सा ती आमच्या मोदकपात्रात तीन दिवस वाफवते, तेव्हा त्यात काय काय मरते हे त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर तिने तेही सांगितले असते, म्हणून मी घाईने पावसाचा विषय काढला.)

कवचे वाळूच्या कणाहून बारीक; एका केसाच्या कुंचल्याने ती उचलताना मी तिला तासन्‌तास पाहिले आहे. आणि मग अपराध घडला तो माझ्या हातून. 'नळ्यांना विटाळ होता कामा नये' असे ती रोज बजावी. मी श्रावणी सोमवारी प्रकाशा तीर्थावर स्नान करून कलशभर तापीचे पाणी आणले, नळ्यांचे कापसाचे बोळे काढले आणि दर्भाने प्रत्येकीत मंत्रपूर्वक प्रोक्षण केले. तिसऱ्या दिवशी नळ्यांत हिरवी, काळी, नारिंगी लव. ती नळ्यांकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मामा, तापीमाई एकटी नाही आली, सगळं गोत घेऊन आली." रागाचा एक शब्द नाही. मोदकपात्र पुन्हा चुलीवर.

चार दिवसांपूर्वी पाच नळ्यांत पांढरे ठिपके आले. सूक्ष्मदर्शकाखाली एकच एक जात. आता धुतलेल्या अंड्यांतून निघालेल्या, म्हणजे बाळगुटी चुकलेल्या अळ्यांना हे यीस्ट चाटवायचे. त्या इतरांसारख्या वाढल्या तर सिद्ध झाले. त्याला एकवीस दिवस लागतात. रविवारी ती गाडीत बसली तर हे सारे वाया. ती आपली आज्ञा मोडणार नाही. ट्रंक भरून ठेवली आहे आणि नळ्यांशेजारी बसून आहे. माझ्याच्याने ते बघवत नाही.

आपला,
चिंतामण

ता. क. तरी तिला एकवीस दिवस राहू द्यावे, ही नम्र विनंती. ट्रंक मी उघडून पातळे दोरीवर टाकली आहेत.

ता. क. दुसरा. विनंती म्हणण्याची रीत आहे म्हणून म्हटले. अमळनेरकरांना मी तीन दिवसांपूर्वीच कळवले की मुलगी अनुष्ठानाला बसली आहे, एकवीस दिवस उठता येत नाही. आज त्यांचे कार्ड आले: इतकी निष्ठेची मुलगी हल्ली मिळत नाही, आनंदाने थांबतो, फक्त आराध्यदैवत कोणते ते कळवावे. ते आपण कळवावे. त्यांना निर्मलेला मात्र विचारू देऊ नका. ती खरे सांगेल.