पम्याच्या हातातली पाटी

मंगळवार संध्याकाळ, सँट्री

पम्याने टोरांटोहून फोटो पाठवलाय. भाडेवाढीविरुद्धचा मोर्चा, बर्फ, आणि हातात पाटी. शाळेत हा माझ्यामागे लपायचा. आता कॅनडाच्या सरकारवर मलाच लेक्चर देतो. जळलो, खरंच. पाटीवरचं अक्षरसुद्धा चांगलंय.

शेवटी फोन केला. "एवढा पुढारी झालास, मत कुणाला देणार?"

"मला कुठलं मत, येड्या? नागरिक नाही ना मी. म्हणून तर पाटी. तुला आहे तिथे?"

आहे. या देशात नागरिक नसलेल्या, इथे नुसतं राहणाऱ्यालाही स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. मागे एकदा दारावर प्रचाराला आलेल्या बाई मतदार नोंदणीचा फॉर्म देत होत्या. मी "इथला नाही" म्हणून दार लावलं.

पम्याला मात्र म्हणालो, "नाही."

फोटो परत उघडला. पाटी दोन्ही हातांनी धरलीय त्याने.