कृष्णेच्या मुखाजवळचे वाफे

आई,

तुला वाचता येत नव्हतं. कॉलेजात असताना मी कोडोलीला पत्र टाकायची ते काकांच्या नावानं, आणि ते वाचून दाखवत त्यातलं तुझ्यापर्यंत किती पोचायचं कोण जाणे. आज पहिल्यांदाच तुला लिहिते आहे.

मी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि शेत दादाकडे सोपवून तू माझ्याकडे राहायला आली होतीस, तेव्हाची गोष्ट. पुण्याच्या प्रशिक्षण वर्गातून मी उपग्रहानं टिपलेलं एक मोठं छायाचित्र आणलं होतं. आपल्या वारणेचं पाणी शेवटी जिथं जातं, तो कृष्णेच्या मुखाचा त्रिभुज प्रदेश. रविवारची सकाळ आहे. छायाचित्र स्वयंपाकघरातल्या फरशीवर पसरलंय, चार कोपऱ्यांवर तुझे पितळी डबे ठेवलेत आणि शाळेतल्या दोघी शिक्षिका वाकून बघताहेत. तू भाकरी थापायची सोडून आलीस. "रान तांबडं कसं गं?" अशा छायाचित्रात हिरवळ तांबडी दिसते, असं मी सांगितलं. "मग ह्येंच्या कॅमेऱ्याला डोळं आल्यात," तू म्हणालीस. त्या दोघी खळखळून हसल्या. मला ते आवडलं नाही.

किनाऱ्यालगत फिकट चौकटींची जाळी होती. हे शहर, हे त्याचे रस्ते, असं मी ठासून सांगून बसले होते. तू पिठाचं बोट तिथं टेकवलंस. "रस्तं न्हवंत हे. वाफं हायती की! रस्ता सरळ गेला असता, ह्यो बांध उताराला धरून वळलाय. समिंद्राकडचं वाफं मोठं, आतलं बारकं. पाणी आधी साठवायचं, मग आत घ्यायचं. काय पिकवत्यात गं हितं?" उसाला पाणी पाजण्यात जिचा जन्म गेला, ती बाई बोलत होती. मी म्हणाले, "आई, तुला काय कळतंय त्यातलं? पीठ लागलं बघ चित्राला. चहा टाक." "टाकते की बाई," म्हणून तू बोट पदराला पुसलंस आणि उठलीस.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी भिंग घेऊन बसले. बांध खरंच वळलेला होता. आतले बारके वाफे पांढरेशुभ्र; पिकत होतं ते मीठ. त्याच दिवशी नववीच्या मुलींना मी सांगितलं, हे रस्ते नाहीत, ही मिठागरं आहेत. रस्ते असते तर सरळ गेले असते. वाक्य तुझंच, फक्त शाळेच्या भाषेत. महिन्याभरानं पुण्याहून त्या छायाचित्राची माहितीपुस्तिका आली, तिच्यातही मिठागरंच होती, आणि बाईंची नजर फार तयार, असं शाळेत बोललं जाऊ लागलं. मुलींनी एकमेकींच्या वहीतून उतरवलं तर मी त्यांना वर्गाबाहेर उभं करत असे.

तू एकदाच विचारलंस. शेंगा फोडत बसली होतीस. "त्या वाफ्यांत काय निघालं गं?" मी वह्यांतून मान वर केली नाही. "अजून कळलं नाही."

"कळंल की. घाई हाय व्हय?"

मला पुढं शिकवण्यासाठी अख्ख्या भावकीशी एकटी भांडलेली तू. तुझ्यापुढं एवढं कबूल करणं मला का जड जावं? त्यानंतर दोन वर्षं तू होतीस. रोज संध्याकाळी समोर बसत होतीस.

माझ्या निवृत्तीच्या समारंभात एक जुनी विद्यार्थिनी माइकवर सांगत होती, "पुस्तिका यायच्या आधीच आमच्या बाईंनी नुसत्या नजरेनं मिठागरं ओळखली होती." टाळ्या पडल्या. उठून दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं. मी हातातला नारळ मांडीवर ठेवला आणि हात जोडले.

हे पत्र निदान तिला तरी पाठवावं म्हणून काल पाकीट काढलं. तिचा पत्ता माझ्या वहीत आहे. पाकिटावर तो अजून घातलेला नाही.